आडवे आलेले कान

माणसाचा चेहरा हीच त्याची नियती असते, आणि नियतीला हात घालायला वाघाचं काळीज लागतं. हे वाक्य मी मिरजेच्या प्लास्टिक सर्जनना ऐकवायचं म्हणून इचलकरंजीपासून एसटीत पाठ करत आलो होतो. ऐकवलंही. डॉक्टर म्हणाले, "हनुवटी थोडी खाली घ्या," आणि त्यांनी माझ्या उजव्या कानामागे फूटपट्टी लावली.

"एकतीस," ते म्हणाले. शेजारच्या नर्सबाईंनी लिहून घेतलं. "डावा एकोणतीस."

"नॉर्मल किती असतं?"

"वीसच्या आत. मिलिमीटर." त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "लग्न ठरत नाही का?"

"लग्न झालंय. मुलगी पहिलीत आहे."

"मग नोकरीत काही अडतंय?"

"वीज मंडळात आहे. बिलिंगला."

"तिथं कान कोण बघतंय," डॉक्टर म्हणाले. "छत्तीस वर्षं सांभाळलेत, मग आत्ताच काय निघालं?"

"मला बापाचं काम करायचंय."

डॉक्टरांनी नर्सबाईंकडे बघितलं. मी घाईघाईने म्हणालो, "नाटकात."

ही शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. त्याच्या आधीची अकरा वर्षं मी आमच्या 'अभिरूप कलाकेंद्रा'तर्फे राज्य नाट्य स्पर्धेत उतरत होतो आणि अकराही वर्षं नोकराचं काम करत होतो. नाटकं बदलली, लेखक बदलले, एकदा तर नाटक रशियात घडत होतं, पण चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. माझी नावं गणपा, धोंडू, गोविंदा, परत गणपा आणि रशियात निकिता. मी ट्रे घेऊन आत आलो की तोंड उघडायच्या आधी लोक हसायचे. मग सर संहितेत एक वाक्य वाढवायचे, कुणीतरी मला म्हणायचं, "अरे, कान आहेत का सुपं?" आणि लोक आणखी हसायचे.

सर म्हणजे कुंभोजकर सर. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. कलाकेंद्राचे संस्थापक, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार तेच, आणि प्रमुख भूमिकाही बहुतेक वर्षी तेच करायचे, कारण ऐन वेळी दुसरं कुणी मिळत नसे. माणूस अतिशय मऊ. त्यांनी कुणालाही कधी नाही म्हटलं नाही. ज्याला काम द्यायचं नसेल त्याला ते असं काही कारण सांगत, की तो त्यांचे आभार मानून घरी जाई. कापड दुकानातल्या चव्हाणांना त्यांनी सांगितलं होतं, की तुमच्या उंचीला पुरेल असा दरवाजा आपल्या नेपथ्यात नाही. कदम मास्तरांना सांगितलं होतं, की तुमच्या आवाजाच्या लायकीचा माईक अख्ख्या जिल्ह्यात नाही. कदम मास्तर हे अजून लोकांना सांगतात.

त्या ऑगस्टमध्ये सरांनी नवं नाटक लिहून आणलं. त्याचं नाव पुढे तीनदा बदललं, म्हणून इथे देत नाही. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, मडकी आणि प्लास्टरचे हातपाय मांडलेल्या टेबलाभोवती बसून आम्ही अकरा जणांनी ते ऐकलं. तात्या नावाचा एक म्हातारा, यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. मुलगा त्याच कारखान्यात अपघातात जातो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तात्या दवाखान्यातून घरी येतो. त्याच्या हातात मुलाच्या चपला असतात. तो काही बोलत नाही. एक मिनिट नुसता उभा राहतो. पडदा.

वाचन संपलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. मीही हललो नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

माझे अप्पा जॉबर होते. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते सरकारी दवाखान्यात गेले. बाकीची माणसं गाडीची सोय बघत होती आणि कॉटखाली त्यांच्या चपला राहिल्या होत्या. त्या मी उचलल्या. घरी आलो तेव्हा माझ्या हातात त्या होत्या, कारण अशा वेळी चपलांचं काय करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी सरांना एकदा चहाच्या गाडीवर सांगितलं होतं. त्यांनी माझा हात धरला होता. म्हणाले होते, "मगदूम, हे फार मोठं आहे." मला वाटलं होतं, ते दुःखाबद्दल बोलतायत.

तर त्या दिवशी मी अकरा वर्षांत पहिल्यांदा काम मागितलं.

"सर, तात्या मी करू का?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. ते वाचनाला धोतर नेसून आले होते. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मगदूम," ते म्हणाले, "तात्या तुझ्यात आहे. शंभर टक्के आहे. आवाज आहे, थांबायची अक्कल आहे. पण तुझे कान आडवे येतात रे."

"कान?"

"ते शांततेचं मिनिट आहे. तिथं एक माणूस हसला तर नाटक गेलं. मी तुझ्यासाठी रात्र रात्र विचार केला. कान नसते तर डोळे झाकून तुला दिला असता."

"नक्की?"

"शब्द देतो," सर म्हणाले, सगळ्यांकडे बघून. आणि सगळ्यांनी मान हलवली, कारण प्रत्येकाला कधी ना कधी असा एक शब्द मिळालेला होता. इतरांनी तो घरी नेऊन ठेवून दिला होता. मी मिरजेची गाडी पकडली.

घरी सांगितलं तेव्हा पद्मजा भाकरी थापत होती.

"नाटकासाठी कान कापून घेणार?"

"कापून नाही. मागे घेऊन टाके घालतात. तासाभराचं काम."

"अहो, नऊ वर्षं मी हेच कान बघते. कधी हसले काय त्यांच्यावर?"

"हसतेस की."

"कानावर नाही हसत." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तुम्ही घरात येता त्याला हसते. दार उघडंच असतं, तरी असं थांबता, दुसऱ्याच्याच घरात शिरल्यागत. कुणी हाकललं तर लगेच निघायच्या तयारीनं."

"हा विषय कानाचा चाललाय," मी म्हणालो.

"मग करा की. माझी परवानगी कशाला?"

ऑपरेशन नुसता कान बधिर करून करतात. दुखत नाही, पण कानाचं काय चाललंय हे कानालाच ऐकू येतं. कात्रीने पुठ्ठा कापावा तसा आवाज. पलीकडून डॉक्टर आणि नर्सबाई भडंग जयसिंगपूरचं चांगलं की सांगलीचं, यावर बोलत होते. माझं मत त्यांनी विचारलं. मी जयसिंगपूर म्हणालो. मग ते दुसऱ्या कानाकडे वळले.

"एक लक्षात ठेवा," शेवटी डॉक्टर म्हणाले. "क्वचित कधी आतला टाका सुटतो आणि कान परत पुढे येतो. तसं वाटलं तर या."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी ते फार मन लावून ऐकलं.

आठ दिवस डोक्याला फेट्याएवढं बँडेज होतं. रजा तीनच दिवसांची मिळाली, त्यामुळे उरलेले दिवस मी तसाच बिलिंगच्या खिडकीत बसलो. साहेबांना कानाचं ऑपरेशन एवढंच कळलं होतं, म्हणून ते माझ्याशी ओरडून बोलायचे, आणि मी ऐकू येतं म्हटलं की आणखी ओरडायचे. वाढीव बिलाची तक्रार घेऊन आलेले ग्राहक मात्र बँडेज बघून एकदम समजूतदार व्हायचे. एक जण रांगेतल्या मागच्या माणसाला हळूच म्हणाला, "कुणीतरी केलं एकदाचं."

बँडेज निघालं. आरशात मी एका सभ्य, जरा उदास दिसणाऱ्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिलो. खरंच बापासारखा दिसत होतो. बाहेर पडलो तर कुणाच्या काही लक्षात येईना. शेजारचे म्हणाले, बारीक झालात. पानवाला म्हणाला, मिशी काढलीत ते बरं केलं. मी आयुष्यात मिशी ठेवलेली नाही. अकरा वर्षं ज्या कानांनी माझी वाट अडवली ते गेले, तर त्यांची साधी चौकशी नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी तालमीला गेलो. घरगुती अडचण आहे असं सांगून महिनाभर गैरहजर होतो. चित्रकलेच्या वर्गात दुसरा अंक चालला होता. तात्याचं काम सर करत होते. त्यांनी दाढी वाढवली होती, ती अर्धी पांढरी होती आणि त्यांना शोभत होती. हातात चपला होत्या.

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. डोकं आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवून दाखवलं.

सरांनी चपला खाली ठेवल्या. जवळ आले, माझ्या कानामागे वाकून बघितलं. तिथे व्रण अजून लाल होता.

"मगदूम," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू खरंच केलंस?"

"तुम्ही शब्द दिला होता, सर."

त्यांनी वर्गाकडे बघितलं. सगळे जण मडक्यांकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की कदम मास्तरांना माईक का मिळाला नव्हता. पण आता माझे कान मागे गेले होते. मला मागे जाता येत नव्हतं.

"तात्या मगदूम करेल," सर म्हणाले. माणसं भर सभेत देणगी जाहीर करतात आणि घरी जाऊन पस्तावतात, तो आवाज. दुसऱ्या दिवशी ते दाढी काढून आले.

सरांनी जॉबरच्या घरातही नोकर ठेवला होता; ते काम बँकेतल्या घोरपड्यांना गेलं. पण संहितेत कानांवर चार वाक्यं होती आणि सरांना आपलं लिहिलेलं कापवत नसे. म्हणून आमचे मेकअपवाले हुसेनभाई यांनी हवाई चपलेच्या रबराचे दोन कान कोरले, त्यांना अंगाच्या रंगाचा लेप दिला आणि ते घोरपड्यांच्या कानांवर बसवले. काम उत्तम झालं होतं. मी ते बघून जरा अस्वस्थ झालो. कुणीतरी माझा सदरा घातलाय असं वाटत होतं.

दोन महिने मी तात्या घोटला. ऑफिसला सायकलवरून जाताना तात्या, खिडकीत बसून तात्या. चपला मी अप्पांच्याच घेतल्या. माळ्यावर होत्या. हे कुणाला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच.

प्रयोग डिसेंबरात, कोल्हापूरला. त्या वर्षी नाटकं जास्त आली म्हणून आम्हाला सकाळी अकराची वेळ मिळाली होती. तरी प्रेक्षागृह निम्म्याच्या वर भरलं. पद्मजाला मी तिसऱ्या रांगेचा पास दिला होता. पहिला अंक बरा गेला. त्यात माझं काम थोडंच, तेही पेपर वाचत बसण्याचं. घोरपडे ट्रे घेऊन आले, कान दाखवले, वाक्यं म्हटली. एक माणूस खोकला, एवढंच. मी पेपरमागे बसून मनात म्हणालो, नवीन आहे, जमेल हळूहळू.

दुसरा अंक संपत आला. मी डाव्या विंगेत उभा होतो. सर शेजारी संहिता छातीशी धरून उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साठ मोज. घाई करू नको." त्या क्षणी त्यांना ते काम माझं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

मी आत गेलो. चार पावलं टाकून थांबलो. समोर बघितलं. मोजायला लागलो.

एक. दोन. तीन. प्रेक्षागृह गप्प होतं. मला बघून लोक गप्प आहेत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. अप्पांच्या चपला हाताला थंड लागत होत्या. सात. आठ. मी काहीही करत नव्हतो. नऊ.

नवव्या आकड्याला तिसऱ्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. दाबून, नाकातून. मग त्याच्या मागच्या रांगेत दुसरं कुणी. अकरा, बारा. हसू रांगेरांगेने मागे सरकत चाललं, आणि माझ्या मनात एकच विचार आला: टाका सुटला. उजवा कान पुढे आला.

मी उजवा हात वर केला आणि कान चाचपला. कान होता तिथेच होता, डोक्याला घट्ट. पण त्या हातात चपला होत्या.

मग बाल्कनीतून आवाज आला, "कुणाचा फोन हाय, तात्या?"

त्यानंतर जे झालं त्याला हशा म्हणत नाहीत. माणसं खुर्च्यांच्या पाठीवर थापा मारत होती. परीक्षकांपैकी एकाने रुमाल तोंडात धरला होता. मी साठपर्यंत मोजले. सरांनी सांगितलं होतं म्हणून मोजले. त्र्याऐंशी झाले तरी पडदा पडला नाही, कारण पडदा ओढणाराही हसत होता.

मेकअपच्या खोलीत हुसेनभाई खोबरेल लावलेल्या कापसाने माझ्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसत होते. सर बाहेर जिन्यावर बसले होते.

"हुसेनभाई, कान दिसत होते काय?"

"न्हाई. झकास बसल्यात. डॉक्टर हुशार हाय."

"मग लोक कशाला हसले?"

हुसेनभाईंनी कापूस बदलला. "मगदूमसाहेब, अकरा वर्षं विंगेतनं बघतोय. तुमच्या कानाला कोण कधी हसलंच न्हाई."

"मग कशाला हसायचे?"

"तुम्ही येता त्याला."

"येतो म्हणजे?"

"आता ते कसं सांगू. तुम्ही आत येता आणि थांबता. बस. मानूस हसतंय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठं? दर साली तुम्ही येकच विचारायचा, हुसेनभाई, कान दिसत्यात काय? दिसत हुते, म्हणून दिसत्यात म्हणायचो."

मंडळी टेम्पोने सामानाबरोबर गेली. पद्मजा आणि मी एसटीने निघालो. हातकणंगलं मागे पडलं. चपला माझ्या मांडीवर पिशवीत होत्या.

"तू हसलीस?" मी विचारलं.

"सगळे हसायला लागल्यावर."

"खरं सांग."

तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "थोडं आधी."

खिडकीबाहेर ऊस होता. बराच वेळ ऊसच होता.

"अप्पा गेले त्या दिवशी तुम्ही असंच दारात येऊन उभे राहिलात," ती म्हणाली. "ह्याच चपला घेऊन. कुणाच्या तरी राहिल्यात, त्या परत द्यायला आल्यागत. घर भरलं होतं माणसांनी. आत्यांनी पदर तोंडाला लावला, आठवतंय?"

"रडत होत्या."

"नंतर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आधी हसू आलं ओ त्यांना. मलाही आलं. अप्पा आत, आणि आम्ही दोघी पदरात तोंड घालून. आणि त्याच्यामागनं जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. अप्पांना नेलं तेव्हासुद्धा मी तेवढं रडले नाही."

कंडक्टरने घंटी मारली. कुणी तरी उतरलं.

"आजपण आलंच होतं," पद्मजा म्हणाली. "आत्ता येणार, आत्ता येणार असं झालं होतं. माझ्या शेजारच्या बाईनं तर पदर वर घेतला होता. तेवढ्यात तुम्ही कानाला हात लावला."

आज या गोष्टीला पंचवीस-तीस वर्षं होत आली, आणि त्या वाक्यावर मला अजून काही बोलता आलेलं नाही.

निकाल जानेवारीत लागला. अकरा नाटकांत आमचं नववं आलं. शेरा होता, 'शोकात्म विषयाची विनोदी हाताळणी धाडसी, परंतु अनाकलनीय.' सरांनी तो वर्गातल्या फळ्यावर लिहिला आणि पुसला.

पुढच्या वर्षी सरांनी कौटुंबिक नाटक बसवलं. मुख्य काम त्यांनी स्वतः केलं. मला नोकराचं काम दिलं, आणि या वेळी कसलंही कारण सांगितलं नाही. संहितेत कानांवर पाच वाक्यं होती. रबराचे कान तयारच होते, ते हुसेनभाईंनी स्पिरिट गमने माझ्या कानांवर चिकटवले. प्रयोग संपल्यावर मी ते घरी नेऊन मुलीच्या फूटपट्टीने मोजले.

दोन्ही चाळीस भरले.